घरातील संग्रह आणि मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्का

जयपूर शहराच्या उत्तर भागात, नाहरगडाच्या टेकड्यांपासून पश्चिमेस थोड्या अंतरावर, शास्त्री नगर ही वसाहत आहे. राज्याचे क्षेत्रीय विज्ञान केंद्र याच वसाहतीत आहे. बाकीचा परिसर मुख्यतः मध्यमवर्गीय कुटुंबांच्या राहत्या घरांचा. अशा घरांत एके काळी कुटुंबाचे दप्तर लोखंडी ट्रंकेत किंवा भिंतीतल्या कपाटात असे. जमिनीचे कागद, शाळेचे दाखले, जन्मपत्रिका आणि लग्नाच्या छायाचित्रांचे जाड पुठ्ठ्याचे अल्बम, एवढा तो संग्रह. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याचे रूप पालटले. छायाचित्रे मोबाइलमध्ये आली, समारंभांच्या कॅसेटी संगणकात उतरल्या, जुन्या कागदांच्या प्रतिमा काढल्या गेल्या. हे साहित्य एके ठिकाणी ठेवून घरातील प्रत्येकाला ते पाहता यावे, म्हणून सदैव चालू राहणारा एक लहान संगणक घरात बसवला जातो. त्याला घरगुती साठवण-सर्व्हर म्हणतात.

या सर्व्हरचा प्राण म्हणजे त्यातील हार्ड डिस्का. त्या विकत घेताना ग्राहकाची दृष्टी प्रथम क्षमतेच्या आकड्यावर जाते, आणि आकडा जितका मोठा तितकी खरेदी किफायतीची, असा समज होतो. हा समज अपुरा आहे. हार्ड डिस्क हे फिरणारे यंत्र आहे आणि प्रत्येक फिरणारे यंत्र एक ना एक दिवस थांबते. म्हणून निवडीचा खरा प्रश्न ‘किती मावेल’ हा नसून ‘थांबल्यावर काय उरेल’ हा आहे. डिस्क बंद पडली तर केवळ पैशांचे नुकसान व्हावे, आठवणींचे आणि कागदपत्रांचे होऊ नये, अशा रीतीने केलेली निवड हीच योग्य निवड होय.

तबकडीच्या आत

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही बहुधा त्याहून अधिक जागा घेईल. २०२४ साली तळहातावर मावणारी, ३० टेराबाइटहून अधिक क्षमतेची डिस्क बाजारात आली. एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट.

रूप बदलले तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या एका अक्षावर वेगाने फिरतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर वाचन-लेखन करणारे सूक्ष्म हेड तरंगत असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते, आणि हेड व पृष्ठभाग यांतील अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. धुळीचा साधा कणही या अंतराच्या तुलनेत पर्वतप्राय ठरतो.

सर्वसाधारण डिस्कमध्ये हवा असते. आतील व बाहेरील दाब समान राहावा म्हणून तिला गाळणी लावलेले एक बारीक छिद्र असते. तबकड्यांची संख्या वाढली की हवेचा अडथळा व कंप वाढतात. त्यावर उपाय म्हणून २०१३ साली हेलियम वायू भरून पूर्णपणे बंद केलेली ६ टेराबाइटची डिस्क विक्रीस आली. हेलियम हवेपेक्षा पुष्कळ हलका असल्याने तबकड्या कमी शक्तीत फिरतात, उष्णता कमी निर्माण होते आणि एका डब्यात अधिक तबकड्या बसवता येतात. आज मोठ्या क्षमतेच्या बहुतेक डिस्का हेलियमच्या असतात. त्यांना बाहेरच्या हवेशी संबंध ठेवणारे छिद्र नसते, ही गोष्ट धुळीच्या प्रदेशात विशेष महत्त्वाची आहे.

गरजेचे माप

डिस्क निवडण्याआधी संग्रहाचे माप घ्यावे. शास्त्री नगरात राहणारे एखादे कुटुंब उदाहरणादाखल कल्पावे. त्यांच्याकडे समारंभांच्या २० डिजिटल कॅसेटी आहेत. अशा कॅसेटीचा एक तास सुमारे १३ गिगाबाइट जागा घेतो. म्हणजे एकूण २६० गिगाबाइट. एक लाख छायाचित्रे प्रत्येकी ४ मेगाबाइटप्रमाणे ४०० गिगाबाइट होतात. मोबाइलवर उच्च प्रतीने चित्रित केलेल्या १०० तासांना, ताशी २० गिगाबाइटप्रमाणे, २,००० गिगाबाइट लागतात. जुन्या कागदांच्या ५,००० पानांच्या रंगीत प्रतिमा, कोणतेही संक्षेपण न करता, प्रत्येकी सुमारे २६ मेगाबाइट, म्हणजे १३० गिगाबाइट. सर्व मिळून बेरीज २.८ टेराबाइटच्या आसपास येते. दरवर्षी अर्ध्या टेराबाइटची भर पडेल असे धरले, तर सहा वर्षांनी संग्रह ५.८ टेराबाइटचा होईल.

डिस्क काठोकाठ भरू नये. साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. या हिशेबाने कुटुंबाची गरज ८ टेराबाइटच्या डिस्कने भागते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. उत्पादक टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात, तर काही संगणक १,०२४ च्या पटीत मोजतात. त्यामुळे ८ टेराबाइटची डिस्क पडद्यावर ७.२७ आणि १६ टेराबाइटची १४.५५ अशी दिसते. यात फसवणूक नाही. दोन मापांतील हा फरक आहे.

बाजारात प्रति टेराबाइट किंमत पाहिली तर मोठी डिस्क पुष्कळदा स्वस्त पडते. परंतु २० टेराबाइटची एक डिस्क घेऊन तीत सहा टेराबाइटचा संग्रह ठेवणारे कुटुंब बचत करत नाही. ते आपली सर्व अंडी एकाच टोपलीत ठेवते. त्याच रकमेत लहान क्षमतेच्या दोन डिस्का येत असतील, तर बहुतेक घरांना त्याच हितावह. विवाहांचे चित्रीकरण करणारा व्यावसायिक किंवा स्टुडिओ यांची गोष्ट निराळी. त्यांचा संग्रह दर हंगामात कित्येक टेराबाइटने वाढतो आणि त्यांना १६ ते २० टेराबाइटच्या डिस्कांचा विचार करावाच लागतो.

कौलारू लेखन

क्षमता ठरल्यावर पाहण्याची गोष्ट म्हणजे लेखनाची पद्धत. परंपरागत पद्धतीत तबकडीवरील माहितीचे पट्टे एकमेकांशेजारी, स्वतंत्रपणे लिहिले जातात. बाजारात ही पद्धत ‘सी. एम. आर.’ या अक्षरांनी ओळखली जाते. दुसरी पद्धत ‘एस. एम. आर.’ या अक्षरांची. तीत प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्याचा काही भाग झाकून लिहिला जातो, छपरावर मंगलोरी कौले एकमेकांवर चढवून बसवावीत तसा. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते. पण कौलारू छपराच्या मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली कौले आधी काढावी लागतात. त्याचप्रमाणे या डिस्कवर मधला एक लहान भाग बदलण्यासाठी शेजारच्या अनेक पट्ट्यांचे पुनर्लेखन करावे लागते.

एकदा लिहून बाजूला ठेवायच्या प्रतीसाठी कौलारू डिस्क चालू शकते. सर्व्हरमध्ये मात्र ती त्रासदायक ठरते. दीर्घकाळ सतत लेखन चालले की तिचा वेग एकदम कोसळतो, आणि नेमके असेच लेखन बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी डिस्क बसवताना करावे लागते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या, घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्का या पद्धतीच्या असल्याचे उघड झाले. तोवर वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता. ग्राहकांनी आक्षेप घेतल्यावर कंपनीने आपल्या डिस्कांची लेखनपद्धती जाहीर केली आणि परंपरागत पद्धतीच्या डिस्कांना वेगळे नाव दिले. या प्रकरणापासून ग्राहकांनी एक धडा घेतला: वेष्टनावरील नावावर न विसंबता विशिष्ट क्रमांकाच्या डिस्कचे उत्पादकाने प्रसिद्ध केलेले माहितीपत्रक वाचावे, आणि सर्व्हरसाठी सी. एम. आर. पद्धतीचीच डिस्क निवडावी.

माहितीपत्रकातील आकडे

माहितीपत्रकात जे आकडे असतात त्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ‘दोन बिघाडांमधील सरासरी काळ १० लाख तास’ असे लिहिलेले असते. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे; पण याचा अर्थ डिस्क ११४ वर्षे टिकेल असा मुळीच नाही. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एक हजार डिस्का वर्षभर अखंड चालवल्या तर त्यांपैकी सुमारे नऊ बंद पडतील, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या संस्थांसाठीच्या डिस्कांना हा आकडा २५ लाख तास दिलेला असतो. तेथे हजारी तीन-चार डिस्का बंद पडणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात प्रमाण याहून जास्त आढळते. लाखो डिस्का वापरणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीने २०१३ पासून आपल्या डिस्कांच्या बिघाडांची आकडेवारी प्रसिद्ध केली आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्यातील वार्षिक प्रमाण साधारणतः एक ते दोन टक्के राहिले. दीड टक्का धरला, तर चार डिस्का असलेल्या घरात पाच वर्षांत निदान एक डिस्क बंद पडण्याची शक्यता २६ टक्के होते. म्हणजे साधारण चार घरांपैकी एका घरात हा प्रसंग येणारच.

दुसरा आकडा वार्षिक कामाचा असतो. टेबलावरच्या संगणकासाठी बनवलेल्या डिस्कला वर्षाला ५५ टेराबाइटच्या आसपास, घरगुती सर्व्हरच्या डिस्कला सुमारे १८० टेराबाइट, तर मोठ्या संस्थांच्या डिस्कला ५५० टेराबाइट वाचन-लेखन गृहीत धरलेले असते. सामान्य कुटुंबाला मधला आकडा पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट वर्तनाची आहे. एखादा भाग वाचता येईनासा झाला, तर साधी डिस्क मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. ती एकटी असेल तर हे योग्यच. परंतु अनेक डिस्का एकत्र काम करत असता एवढा काळ उत्तर न मिळाल्यास सर्व्हर तिला मृत समजून बाद करू शकतो. म्हणून सर्व्हरच्या डिस्कांमध्ये हा प्रयत्न सुमारे सात सेकंदांत थांबवण्याची सोय असते. केवळ किंमत कमी म्हणून साधी डिस्क सर्व्हरमध्ये घातली, तर पुढे उद्भवणाऱ्या अडचणींचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

आरसा आणि समता

अनेक डिस्का एकत्र जोडून एकीचा बिघाड दुसरीने सावरण्याची शास्त्रशुद्ध मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली. ‘रेड’ या नावाने ती ओळखली जाते. तिचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे आरसा. दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहिला जातो आणि एक गेली तरी दुसरी काम चालवते. यात ८ टेराबाइटच्या दोन डिस्कांतून ८ टेराबाइटच जागा मिळते.

दुसऱ्या प्रकारात तीन किंवा अधिक डिस्का असतात आणि त्यांपैकी एकीइतकी जागा समतेच्या माहितीसाठी खर्च होते. तीन संख्यांची बेरीज माहीत असली, तर हरवलेली एक संख्या वजाबाकीने काढता येते. समतेचे तत्त्व साधारण असेच आहे. तिसऱ्या प्रकारात दोन डिस्कांइतकी जागा समतेला जाते आणि एकाच वेळी दोन डिस्का बंद पडल्या तरी संग्रह वाचतो.

डिस्कांची क्षमता वाढली तसे या व्यवस्थेतले गणितही बदलले. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइट वेगाने भरायची तर सुमारे २५ तास लागतात. त्या काळात सर्व्हर अन्य कामेही करत असेल तर त्याहून अधिक. या काळात उरलेल्या डिस्कांचे आरंभापासून अखेरपर्यंत वाचन करावे लागते. पुष्कळ डिस्कांच्या माहितीपत्रकात एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचले असता जास्तीत जास्त एक भाग वाचता न येणे गृहीत धरलेले असते. एवढे बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. १६ टेराबाइटच्या तीन डिस्कांपैकी एक गेली, तर उरलेल्या दोहोंतून ३२ टेराबाइट वाचावे लागतील, म्हणजे कागदोपत्री दोन-तीन ठिकाणी अडथळा संभवतो. एकावर पंधरा शून्यांची हमी असलेल्या डिस्कांत हा धोका दहापटीने कमी होतो. उत्पादकांनी दिलेली ही मर्यादा आहे. प्रत्यक्षातील अनुभव पुष्कळदा तिच्याहून चांगला असतो. तरीही मोठ्या डिस्कांची रचना करताना एकाच समतेवर भिस्त ठेवू नये. दोन डिस्का असल्यास आरसा आणि चार किंवा अधिक असल्यास दुहेरी समता, हा सुरक्षित नियम होय.

ऊन, धूळ आणि वीज

डिस्कांविषयीचे बरेचसे लेखन थंड हवेच्या देशांत किंवा वातानुकूलित दालनांतल्या अनुभवावर आधारलेले असते. जयपूरच्या घरात परिस्थिती वेगळी आहे. मे व जून महिन्यांत येथे दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. गच्चीच्या स्लॅबखालची खोली रात्रीही निवत नाही. हवा चांगली खेळती असली तरी चालू डिस्क सभोवतालच्या हवेपेक्षा साधारणतः दहा-पंधरा अंशांनी अधिक तापते. खोलीचे तापमान ४० अंश असेल तर डिस्क ५० ते ५५ अंशांवर पोचते, आणि अनेक डिस्कांची कमाल मर्यादा ६० ते ६५ अंशांची असते. म्हणजे उन्हाळ्यात हाताशी फारसे अंतर उरत नाही.

२००७ साली गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. मध्यम तापमानात उष्णतेचा परिणाम समजला जात होता त्याहून बराच कमी असल्याचे तीत दिसले. मात्र उच्च तापमानात, विशेषतः तीन वर्षांहून जुन्या डिस्कांत, बिघाड वाढलेले आढळले. जयपूरच्या गृहस्थाला यातला दुसरा भाग लागू पडतो. त्याने कमी उष्णता देणारी डिस्क निवडावी: मिनिटाला सुमारे ५,४०० फेऱ्यांची किंवा हेलियम भरलेली. डिस्कांमध्ये बोटभर अंतर राहील आणि पंख्याचा झोत त्यांवरून जाईल असा डबा घ्यावा. तापमान ५० अंशांवर गेल्यास सूचना मिळेल आणि ५८-६० अंशांवर सर्व्हर आपोआप बंद होईल, अशी व्यवस्था करावी.

उन्हाळ्यात येथे अधूनमधून आंधी येते आणि बंद खिडक्यांतूनही बारीक धूळ घरभर पसरते. डब्याच्या जाळ्या दर महिन्याला साफ केल्या पाहिजेत. जाळी बुजली की पंखा फिरत असूनही डिस्का तापतात. पाण्याच्या कूलरसमोर सर्व्हर ठेवण्याचा मोह टाळावा. कूलरचा झोत गार असला तरी ओलसर असतो आणि त्याबरोबर येणारे क्षारयुक्त पाण्याचे तुषार विजेच्या जोडण्यांना घातक ठरतात.

विजेचाही विचार हवा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना क्षणभर २० ते २५ वॅट शक्ती ओढते. चार डिस्का एकदम सुरू झाल्या तर हा भार शंभर वॅटच्या घरात जातो, म्हणून सर्व्हरचा वीजपुरवठा-संच त्या हिशेबाने घ्यावा. एरवी प्रत्येक डिस्क सात वॅट घेते असे धरले, तर चार डिस्कांना वर्षाकाठी सुमारे २४५ युनिटे लागतात. वीज अचानक गेल्यास अर्धवट लेखनामुळे संग्रहाची अनुक्रमणिकाच बिघडू शकते. घरातील इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवतो, पण वीज संपत आल्याची खबर संगणकाला देत नाही. यासाठी सर्व्हरला तारेने जोडता येणारा लहान यू. पी. एस. हवा. बॅटरी उतरू लागताच तो सर्व्हरला रीतसर बंद होण्याची सूचना देतो.

खरेदी आणि पारख

एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच उत्पादन-गटातील सर्व डिस्का घेऊ नयेत. एकाच गटात एखादा दोष राहून गेलेला असल्यास त्या जवळपास एकाच वेळी बंद पडण्याचा संभव असतो, आणि तसे झाले तर आरसा काय किंवा समता काय, दोन्ही निरुपयोगी ठरतात. शक्य असल्यास वेगवेगळ्या तारखांच्या डिस्का निवडाव्यात. अनुक्रमांकावरून हमीची मुदत उत्पादकाकडे तपासून घ्यावी आणि ती हमी भारतात लागू आहे याची खात्री करावी. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला ती नेहमीच मिळते असे नाही.

डिस्क खरोखर नवी आहे का, हेही पाहावे लागते. २०२५ च्या आरंभी युरोपात हजारो तास वापरलेल्या डिस्का, आतील नोंदी पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. प्रत्येक डिस्क आपण किती तास चालली आणि तिचे किती भाग निकामी झाले याची नोंद स्वतः ठेवते. डिस्क हाती आल्यावर ही नोंद पाहावी. मग संपूर्ण डिस्कवर एकदा लिहून ती संपूर्ण वाचून घ्यावी. ८ टेराबाइटसाठी या दोन्ही क्रियांना मिळून एक अहोरात्र लागते. ज्या डिस्का प्रारंभीच निकामी व्हायच्या असतात, त्यांपैकी बऱ्याचशा याच कसोटीत, घरचा मजकूर त्यांवर जाण्याआधी, उघड्या पडतात.

डिस्कच्या स्वतःच्या नोंदीवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. गूगलच्या उपर्युक्त पाहणीत बिघडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. उलट, तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्कांचा पुढील ६० दिवसांत बिघडण्याचा संभव निर्दोष डिस्कांच्या ३९ पट होता. तेव्हा इशारा मिळाला तर डिस्क ताबडतोब बदलावी; पण इशारा मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसऱ्या छपराखालची प्रत

आरसा किंवा समता म्हणजे राखीव प्रत नव्हे. घरातल्या कोणी चुकून एखादा अल्बम पुसला, तर आरशातूनही तो त्याच क्षणी पुसला जातो. चोरी, आग, पाणी किंवा विजेचा लोळ यांपुढे एकाच डब्यातल्या सर्व डिस्का एकसारख्याच असहाय असतात.

याचे उदाहरण जयपुरातच घडले. १४ ऑगस्ट २०२० रोजी शहरात मुसळधार पाऊस झाला आणि अल्बर्ट हॉल या जुन्या संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरले. तेथील ईजिप्तची ममी काचेची पेटी फोडून वेळीच वर नेण्यात आली. परंतु कचेरीतील पुष्कळ फायली व कागद भिजले आणि ते पसरून वाळवावे लागले. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये जुन्या चित्रपटांच्या साठ्याला आग लागली, तेव्हा नायट्रेट फिल्मवरील अनेक दुर्मीळ चित्रपटांच्या प्रती जळाल्या. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती ते चित्रपट उरले. ज्यांची नव्हती ते परत मिळवण्याचा मार्गच राहिला नाही.

म्हणून छायाचित्रकारांच्या व्यवहारातून रूढ झालेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम गृहस्थानेही पाळावा: प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. वर कल्पिलेल्या कुटुंबासाठी याचा अर्थ असा. सर्व्हरमध्ये ८ टेराबाइटच्या दोन डिस्का आरशाच्या पद्धतीने. तिसरी डिस्क कपाटात, आठवड्यातून एकदा जोडून प्रत घेऊन पुन्हा काढून ठेवलेली. आणि चौथी दुसऱ्या गावी, पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या आप्तांकडे, कुलूपबंद करून, वर्षातून एक-दोनदा जाण्यायेण्यात बदललेली. शेवटच्या दोन डिस्कांसाठी कौलारू पद्धतही चालेल, कारण त्यांवर सावकाश लिहायचे असते. सर्व्हर शक्यतो तळमजल्यावरच्या, उन्हापासून दूर असलेल्या खोलीत ठेवावा, पण जमिनीवर नव्हे. छातीच्या उंचीच्या फळीवर ठेवला म्हणजे स्लॅबची उष्णता आणि पावसाचे पाणी दोन्ही टळतात.

यानंतरचे काम लहान पण नियमाचे आहे. प्रत्येक डिस्कवर खरेदीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. महिन्यातून एकदा सर्व्हरकडून सर्व मजकुराची तपासणी करवून घ्यावी. आणि त्याच दिवशी कपाटातल्या डिस्कवरून एखादे जुने छायाचित्र किंवा एखादा दाखला प्रत्यक्ष उघडून पाहावा. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, ती आहे असे धरून चालता येत नाही.